वादीमच्या चित्रातले बैल

आमच्या अकोल्याच्या, जठारपेठेतल्या घरी बैठकीत एक चित्र आहे. दोन पांढरे बैल, मागे मावळता सूर्य, कोपऱ्यात झोपडी. पस्तीस वर्षं आल्यागेल्याला मी ते तोऱ्यात दाखवत आले.

माझे धाकटे दीर किसनराव तरुणपणी मॉस्कोला ट्रॅक्टरचं शिकायला गेले होते. जाताना मी माझ्या माहेरची, मोर्शीची संत्री बांधून दिली होती. तिथं वादीम नावाच्या चित्रकाराशी त्यांची दोस्ती झाली. परतताना त्याचं एक चित्र गुंडाळून आणलं. वर नारिंगी, खाली काळं, मधे पांढरट पट्टा. बस.

"वयनी, तुमच्याच संत्र्यांचं हाये हे."

"संत्रं कुठं हाये यात? बाई सारवता सारवता मधातच उठून गेली, असं दिसून राहिलं."

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण चित्र बैठकीत टांगलंच.

पुढे माझ्या पौर्णिमाला बघायला बाळापूरचे पाहुणे येणार होते. भाऊजी तेव्हा अमरावतीला नोकरीला, शनिवारी घरी यायचे. भिंतीवर ते अर्धवट काम बघून पाहुणे काय म्हणतील? दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला मी बोलावलं. "एवढी जागा रिकामी पडली, घाल काहीतरी." त्यानं बैल घातले.

शनिवारी भाऊजी आले. चित्रासमोर उभे राहिले. "बैल चांगले हायेत, वयनी," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी बैठकीत चहा घेतला नाही. मी म्हटलं, बघू राग किती दिवस टिकतो.

परवा मॉस्कोहून इंग्रजीत पत्र आलं. वादीमच्या मुलीचं. माझ्या नातीनं, आकांक्षानं, ते मराठीत वाचून दाखवलं. वादीम वारला. पोटासाठी त्यानं जन्मभर मुलांच्या पुस्तकांत ससे आणि अस्वलं काढली. स्वतःची चित्रं नुसत्या रंगांची. सरकारी माणसं म्हणायची, यात एखादा ट्रॅक्टर टाक, एखादा मजूर टाक, लगेच प्रदर्शनात लावतो. त्यानं टाकला नाही. चित्रं पलंगाखाली राहिली, फार तर मित्राच्या स्वयंपाकघरात दोन दिवस लागली. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं : 'माझं एकच चित्र उघडपणे भिंतीवर आहे. हिंदुस्थानात, अकोल्यात. किसन लिहितो, येणारा-जाणारा थांबून बघतो.' मुलगी पुस्तक काढतेय. त्या चित्राचा फोटो हवा.

त्यानं ट्रॅक्टर टाकला नाही. मी बैल टाकले.

"लिव आकांक्षा," दारातून भाऊजी म्हणाले, "वाळवीनं खाल्लं."

"वाळवीवर काहून ढकलता?" मी उसळले. "अन् तुमी त्याले खोटं काहून लिवत होते?"

"पयले खरंच होतं, वयनी. मंग काय लिवू? बैल?"

 

मी उठले. दिवाळीत घर रंगवून गेलेल्या रंगाऱ्याचं उरलेलं टर्पेन्टाइन होतं, त्यात फडकं बुडवून बैलाचं शिंग घासलं. शिंग गेलं. खाली बोटभर नारिंगी निघालं, माहेरच्या बागेतल्या पिकल्या संत्र्यासारखं. आणखी घासलं, तर तेही फडक्यावर आलं.

"राहू द्या, वयनी."

मी फडकं खाली ठेवलं. "आकांक्षा, फोटो काढ. बैलासकट."

"जगभर छापतीन," भाऊजी म्हणाले.

"छापू द्या. खाली माझं नाव लिव, बैल शकुनबाईनं घातले. अकोला."

"आजी, माफी मागितली असं लिहू?"

"ज्याची मागाची तो गेला."

दुसरा दारात उभा होता. त्याच्याकडे बघून माफीचा शब्द माझ्या तोंडून निघेना. सासू होऊन, आजी होऊन तोंड फक्त हुकूम सोडायला शिकलं.

"भाऊजी, चहा इथंच आणू?"

त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्या नारिंगी बोटांकडे.

"नको वयनी. आतच घेतो."