घरापासून स्टँडपर्यंत

मानसिंगला विट्यातल्या आपल्या घरापासून एसटी स्टँडपर्यंत चालत जायचं होतं, तेही सांगलीच्या इस्पितळात, एमआरआयच्या नळकांड्यात उताणं पडून, बोटसुद्धा न हलवता. एवढंसं काम, पण ते काही त्याला साधेना. आणि दारापाशी लहानग्या पोराला, शिवतेजला, कडेवर घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा, संयोगिताचा, जीव टांगणीला लागला होता.

त्याला फिट यायच्या, आणि त्या जिथून उठत ती मेंदूतली जागा डाव्या कानाच्या आत होती. ती काढली तर फिट थांबतील. पण आठवणीचं कामही तिथंच चालतं. उजव्या बाजूनं ते अंगावर घेतलं असेल तर डावीकडचं काढता येईल. नसेल तर सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ही तपासणी. ओळखीच्या रस्त्यानं मनात चालायचं, की आठवणीची जागा पडद्यावर तांबडी होते.

रस्ता संयोगितानंच नेमून दिला होता. बी.एस्सी. झालेली, सगळं वाचून आलेली. घर, एटीएम, शाळेचं फाटक, स्टँड. कुणीही जाईल.

मशीन चालवणाऱ्या रूपाली मगदूमनं मान हलवली. "दोन्हीकडं फिकटच येतंय. चालत नाहीत ते."

"चालत न्हाई म्हंजे?" बाकावरून सासूबाई, मनुबाई, बोलल्या. "माझा ल्योक त्या रस्त्यानं डोळं मिटून जायाचा."

"आत्या, आत्ताही मिटलेच आहेत," संयोगिता म्हणाली.

रूपालीनं त्याला थोडा वेळ बाहेर घेतलं.

"अहो, काय करत होता आत?" संयोगितानं विचारलं.

"चालत हुतो की. पण तुझं एटीएम काय घावंना. तिथं पिठाची गिरणी हाय."

"तीन वर्षं झाली ती पाडून. फोनवर सांगितलं होतं मी."

"आसंल. मग मी गिरणीपाशीच हुबा ऱ्हायलो."

"सगळा वेळ?"

"मग काय करू? आत कुणाला इचारू?"

संयोगितानं कपाळाला हात लावला. चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर सेलमला गेलेला माणूस. तिथं गलाईचं दुकान, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. गावाकडं यायचा तो दिवाळीला आणि जत्रेला, तेही गाडीत बसून. लग्नाला पाच वर्षं झाली, 'पुढच्या खेपेला तुला न्हेतो' हे पालुपद काही संपलं नव्हतं. या माणसाला तिनं गावाच्या रस्त्यावर सोडलं होतं.

"झोपेतसुद्धा चुकणार नाही असा दुसरा रस्ता आहे का?" रूपालीनं विचारलं.

त्यानं आधी बायकोकडं बघितलं, मग फरशीकडं. "सेलमचा हाय. घरापास्नं दुकानापतोर."

"खोली म्हणा," संयोगिता म्हणाली. "घर विट्यात आहे."

"आगं, खोली तर खोली," मनुबाई म्हणाल्या. "चालू दे की त्याला."

तो पुन्हा आत गेला. मशीन ठकठक करू लागलं, शिवतेजनं भोकाड पसरलं, आणि तेवढ्यात रूपाली खुर्चीत पुढं सरकली. पडद्यावर उजवीकडं तांबडं भरून आलं होतं. डावीकडं मात्र अंधारच.

"उजवीनं काम घेतलेलं दिसतंय," ती म्हणाली. "नक्की काय ते डॉक्टर सांगतील. पण चांगलं आहे."

मनुबाईंनी पडद्यालाच हात जोडले. संयोगिता भिंतीला टेकली. नवरा वाचत होता. आणि ज्या रस्त्यानं वाचत होता, त्यावरचा एक दगडही तिनं पाहिला नव्हता. आनंद करावा की भांडावं, हे तिचं तिलाच कळेना.

मानसिंग बाहेर येऊन बाकावर बसला. "जमलं का?"

"जमलं. ऑपरेशन होईलसं दिसतंय." तिनं पोराला त्याच्या मांडीवर दिलं. "आता सांगा, खोलीतून निघालं की कुठल्या हाताला वळायचं?"

"आत्ता? भूक लागलीया गं."

"आत्ताच. ऑपरेशननंतर परत असेच कुठं अडून उभे राहिलात, तर पुढचं सांगायला कुणी नको? आणि तुमच्या 'पुढच्या खेपे'ची वाट बघत काही मी बसणार नाही, या खेपेलाच येणार."

"जिना उतरला की डाव्या हाताला. तिथं इडलीवाली बसती."

"नाव काय तिचं?"

"तिचं कशाला?"

"सांगा."