जानकूच्या हाताचं काम

जानकू जन्मापासून बहिरा. पण डोळे होते तोवर त्याचं काही अडलं नाही. जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या त्या वाडीत भात लावायला, नाचणी कापायला, हिरड्याच्या झाडावर चढायला कान लागत नाहीत. मधल्या दिवसांत तो नारायणगावला टोमॅटोचे कॅरेट उचलायला जायचा आणि जीपवाल्याशी भाड्यावरून नुसत्या बोटांनी हुज्जत घालायचा. जीपवालाच शेवटी हात जोडायचा.

तिशी ओलांडली आणि त्याला आधी अंधारात दिसेनासं झालं, मग कडेचं, मग समोरचंही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, हे थांबणारं नाही. आता चाळिशीचा जानकू ओटीवर बसून असायचा. घरच्यांनी त्याच्याशी बोलायच्या खुणा हळूहळू तळहातावर आणल्या. तळव्यावर थापटलं की भाकरी. मनगट दोनदा दाबलं की हो. तळवा पुसला की नाही. त्याचा हात त्याच्याच गालाला टेकवून पुढे सरकवला की उद्या.

घरच्यांनी त्याला वाऱ्यावर सोडला नाही, हे आधीच सांगतो. उलट जपला, आणि इतका जपला की मला त्या जपण्याचाच राग येतो. आई अंबाबाई भाकरीसुद्धा मोडून हातात द्यायची. धाकटा भाऊ सुनील हात धरून बाहेर न्यायचा. सुनीलची बायको रत्ना अंघोळीचं पाणी काढून ठेवायची. कुणी काही कमी केलं नाही, आणि कुणी त्याला काही करूही दिलं नाही. माणूस वाळत चालला. दिवस आणि रात्र सारखेच, म्हणून अवेळी झोपायचा, अवेळी उठून भिंत थोपटत बसायचा.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका संस्थेच्या बाई वाडीत आल्या. जानकूचा हात बराच वेळ हातात धरून बसल्या आणि जाताना सुनीलला म्हणाल्या, "यांना रिकामं बसवू नका. हाताला काम द्या."

सुनीलने ते मनावर घेतलं. हिरड्याचा हंगाम होता. घराघरांत बाळहिरडा, म्हणजे झाडावरून कोवळाच उतरवलेला हिरडा, वाळत पडला होता. त्याने वाळलेल्या हिरड्याची पाटी जानकूपुढे ठेवली. चांगला हिरडा डाव्या पाटीत. फुटका, ओलसर, काड्या-खडे उजवीकडच्या सुपात. जानकूला हे काम लहानपणापासून ठाऊक. दोन दिवसांत त्याची पाठ सरळ झाली. आठवड्याभरात तो वेळेवर झोपायला लागला. जेवताना स्वतःहून दुसरी भाकरी मागायला लागला, तेव्हा अंबाबाई आत जाऊन रडली.

मग हंगाम संपला. व्यापारी माल घेऊन गेला. आता याला पुन्हा रिकामं कसं बसवायचं, म्हणून सुनीलने एक पोतं विकलंच नाही. त्यातला हिरडा जानकू दिवसभर निवडायचा, आणि संध्याकाळी सुनील पाटी आणि सूप परत त्याच पोत्यात ओतायचा. सकाळी तेच पुढे. त्याने हे घरातही कुणाला सांगितलं नाही. यात वाईट हेतू तिळमात्र नव्हता. भाऊ खूश दिसतो ना, एवढंच त्याने पाहिलं.

पाऊस लागला. अंगणात पाय ठेवला की चिखल, आणि पाटीत मात्र हिरडा येतोच आहे. पावसात हिरडा कोण वाळवतो? जानकू बहिरा होता, आंधळा होता, खुळा नव्हता. त्याने एक टणक हिरडा घेतला, उंबऱ्याच्या दगडावर घासून एका बाजूने सपाट केला आणि चांगल्या पाटीत टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच हिरडा त्याच्या बोटांना लागला.

संध्याकाळी सुनील पाटी उचलायला वाकला, तेव्हा जानकूने त्याचं मनगट धरलं, तो हिरडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि वरून त्याची मूठ मिटवली. बाकी काही केलं नाही. सुनीलने दोन-तीनदा त्याचा हात हातात घ्यायचा प्रयत्न केला. जानकूने हात काखेत दडवले. ज्याला फक्त हातानेच बोलता येतं, त्याने हात दडवले की घरात काही बोलायचं उरत नाही.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही ताट सरकवून दिलं. पाणी तेवढं प्यायला.

"पोरगं उपाशी हाय," अंबाबाई सारखं तेच म्हणत होती. तिच्या लेखी तो अजून पोरगंच.

सुनीलने पोत्याचा खरा प्रकार सांगितला, तशी रत्ना त्याच्यावर फिरली. "त्यास्नी काय बाळ समजलात का तुमी? खेळणं दिलंत हातात."

"बाईंनीच सांगितलं व्हतं, हाताला काम द्या म्हणून," सुनील म्हणाला.

"त्यातला येक हिरडा तरी कुणाच्या कामी आला का?"

सुनीलने ते पोतं ओढून कोपऱ्यात सरकवलं. मग रत्नाच म्हणाली, "आवणी चालू हाय. भात लावाया माणूस मिळत न्हाई, समदी टोमॅटोवर गेलीत. दादास्नी रोप काढाया नेऊ."

"चिखलात? बांधावरून पाय घसरला म्हंजी? लोक काय म्हनतील, आंधळ्या भावाला आवणीला जुंपला?"

"लोक जेवू घालणार हाईत का त्यास्नी?"

रत्नाने वाट पाहिली नाही. वाफ्यातून भाताचं एक रोप उपटून आणलं, मुळांना ओला चिखल तसाच, आणि जानकूच्या गुडघ्यावर ठेवलं. बऱ्याच वेळाने त्याने काखेतला हात काढला. रोप चाचपलं, मुळं नाकाशी नेली. मग भिंतीला धरून उभा राहिला.

वाफ्यात तो उकिडवा बसला, अंगावर प्लॅस्टिकचा कागद बांधून. रोपं उपटायची, मुळं पायावर आपटून चिखल झाडायचा, काडीने मूठ बांधायची. हात सुरुवातीला अडखळले, काही रोपं तुटली. एक बाई हसलीसुद्धा. पुढे कुणाला हसायला सवड राहिली नाही, कारण त्याच्या मुठी उचलून लावणीच्या खाचरात न्यायला एक माणूस गुंतून पडला.

दुपारी अंबाबाई भाकरी घेऊन बांधावर आली. सगळे हात धुऊन बसले. रत्नाने जानकूच्या तळव्यावर थापटलं. त्याने तळवा पुसला. नाही. मग चाचपडत सुनीलचा दंड धरला, आपली मूठ आवळून त्याच्या छातीला टेकवली आणि हात उघडा धरला. बांधलेल्या मुठी गेल्या कुठे?

सुनीलने त्याला धरून खाचरात उतरवलं. जानकू वाकला. पाण्याखाली बोटं फिरवत त्याने पहिलं रोप शोधलं, चिमटीत धरून हळूच ओढून पाहिलं. घट्ट होतं. मग दुसरं, तिसरं. या बांधापासून त्या बांधापर्यंत तो वाकून, रोप न् रोप चाचपत गेला. घास हातात धरून सगळे बघत होते. शेवटच्या बांधाशी तो टेकला, तेव्हा त्याचा श्वास फुलला होता.

सुनीलने त्याचा चिखलाचा हात आपल्या हातात घेतला. चुकलं, असं त्याला सांगायचं होतं. भाकरी, पाणी, पाऊस, म्हैस, सगळ्याच्या खुणा त्यांच्यात होत्या. याची नव्हती. आजवर कधी गरजच पडली नव्हती. जानकू तळवा पुढे धरून थांबला, आणि सुनील तो नुसता धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी जानकूला कसं कळावं.

मग जानकूनेच विचारलं. हात गालाला टेकवून पुढे सरकवला आणि मूठ आवळली. उद्या?

सुनीलने वाफ्याकडे पाहिलं. रोप उद्याच्या दिवसापुरतंच उरलं होतं. नुसतं हो म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं. त्याने मनगट दोनदा दाबलं. मग जानकूचा हात गालाला टेकवून पुढे सरकवला, पुन्हा टेकवून आणखी पुढे, आणि तळवा सावकाश पुसला. उद्या आहे, परवा नाही.

बांधावर अंबाबाईने डोळे मिटून घेतले. जानकूने मान डोलावली. हात खाचरातल्या पाण्यात धुतले, बांध चाचपत चढून माणसांच्या ओळीत बसला आणि आपल्याच तळव्यावर थापटून भाकरी मागितली.