फुंकून दाखव

सासऱ्यांचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता. छाती खाणीतल्या धुळीनं नाही, सिगारेटनं गेली, असं वैद्यकीय बोर्डाचं म्हणणं. सासऱ्यांनी जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता. फेरतपासणीत श्वास नीट मोजला गेला तरच पेन्शन मिळणार होती, म्हणून त्यांना सांभाळून न्यायला सून आणि मुलगा दोघंही आले. मुलानं त्यासाठी खाणीतली पाळी बुडवली होती.

यंत्रावरच्या बाईंनी म्हाताऱ्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली.

"फुंका. जोरात. थांबू नका."

सासरे मध्येच खोकले. पुन्हा फुंकलं, पुन्हा खोकले. ओठ निळसर पडले.

"बाबा, असं नाही चालणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "फुंक अर्धवट राहिली की बोर्ड म्हणतं, माणूस मुद्दाम कमी फुंकतोय."

"मुद्दाम?" तेवढाच शब्द सासऱ्यांच्या तोंडून निघाला.

सुनेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. नवरा मात्र हसत पुढं झाला. "बाबा, गरम चहावर फुंकर घालताय का? मी दाखवतो." बाईंनी त्याला वेगळी नळी लावून दिली. त्यानं छाती भरून घेतली आणि फुंकलं.

बाई यंत्राच्या पडद्याकडं बघत राहिल्या.

"परत एकदा फुंका."

त्यानं फुंकलं.

"काम काय करता तुम्ही?"

"बाबांचंच. ड्रिल चालवतो."

"छातीचा एक्स-रे काढून घ्या. उशीर करू नका."

सासऱ्यांनी खूण करून आपली नळी मागून घेतली, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि न खोकता, गुडघे थरथरेपर्यंत, शेवटपर्यंत फुंकलं.

काही दिवसांनी त्यांची पेन्शन मंजूर झाली. त्या संध्याकाळी ते मुलाला म्हणाले, "आता तू खाली उतरू नकोस."

"एक्स-रेत काही निघालं तर घरी बसवतील, बाबा. मग सगळ्यांचं कसं भागायचं? बघू पुढं."

"बघू, असं मीही म्हणायचो," सासरे म्हणाले.

सकाळी नवरा डबा घेऊन निघाला. सून दारातच उभी राहिली. जिन्याच्या मधल्या पायरीवर तो टेकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. ती आधीच बांधलेली होती.