टाकीतल्या शिडीवरचं जस्त

मी जस्ताचा थर बोलतोय. नखापेक्षाही पातळ आहे मी. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत एक लोखंडी शिडी आहे, तिच्या अंगावर बसलोय. भोवती काळोख आणि पाणी. पण पाण्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती स्वतःची.

फार पूर्वी मी डोंगराच्या पोटात, दगडात मिसळून पडलो होतो. माणसांनी मला खणून काढलं, भाजलं, वितळवलं आणि एका प्रचंड हौदात ओतलं. त्या चंदेरी रसात लोखंडी पाइप बुडवून काढले, तेव्हा मी त्यांना चिकटलो तो कायमचा.

माझं काम साधं. गंज लोखंडावर चालून आला की मी मध्ये पडतो. आधी मी झिजतो. माझी भावंडंही अशीच राबतात. कुणी बादलीवर, कुणी छपराच्या पत्र्यावर, कुणी टॉर्चच्या सेलमध्ये, तर कुणी बाळाच्या पुरळावर लावायच्या पांढऱ्या मलमात. आमची आठवण कुणाला येत नाही, आणि आमचं त्याबद्दल काही म्हणणंही नाही.

माझा पाइप एका वेल्डरने विकत घेतला. दुकान त्याचं आणि त्याच्या बायकोचं. तो जोडायचा, ती घासायची. जिथे सांधा यायचा तिथून ती मला चार बोटं खरवडून काढायची, खालचं लोखंड उघडं पडेपर्यंत. मला त्याचा राग नाही आला कधी. उलट हायसं वाटायचं. कारण वेल्डिंगची आग माझ्यावर पडली की माझा धूर होतो. पिंजलेल्या कापसासारखा पांढरा धूर. तो माणसाच्या छातीत शिरतो.

एका इमारतीच्या टाकीसाठी त्यांनी सात पायऱ्यांची शिडी केली. वेल्डरने टाकीची खोली तीनदा मोजली होती. झाकणाचं तोंड मोजायचं मात्र राहून गेलं. शिडी काही केल्या आत जाईना. शेवटी सातही पायऱ्या एका बाजूने कापल्या, तुकडे खाली सोडले, आणि टाकीतच जोडायचं ठरलं. कापता कापता ग्राइंडरची चकती संपली; नव्या सांध्यांवरून मला घासायला काही उरलं नाही.

"मी दुकानातून नवी घेऊन येते," बायको म्हणाली.

तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी डोकावले. "पाचला टँकर येतोय हं! चाळीस घरं कोरडी बसलीत."

"झालंच साहेब." मग तो बायकोकडे वळला. "राहू दे चकती. तसंच जोडतो."

"अहो, जस्त आहे त्याच्यावर!"

"पेलाभर दूध प्यायलोय की. आमच्या उस्तादांनी जन्मभर तेच केलं."

"दूध पोटात जातं, धूर छातीत. त्यांची गाठ पडणार कुठे?"

"तू वकील व्हायला हवी होतीस," असं म्हणून तो हसत बांबूच्या शिडीने खाली उतरला.

मी ओरडू शकत नव्हतो. त्याने वेल्डिंगचा रॉड टेकवला आणि मी पेटलो. पाइपवरून सुटलो, वर गेलो, छताला थडकलो आणि परत त्याच्याच तोंडावर आलो. झाकणाएवढ्या त्या भोकातून जाऊन जाऊन किती जाणार? त्याने श्वास घेतला, तसा मी आत ओढला गेलो. दुसरा सांधा. तिसरा. तो खोकत होता आणि जोडत होता. ज्याने मला घरी आणलं, त्याचाच गळा मी आवळत होतो.

वर पांढरे तंतू तरंगत आलेले बायकोने पाहिले. तिने धावत जाऊन मशीन बंद केलं. "वर या! आत्ताच्या आत्ता वर या!"

तो कसाबसा वर चढला. "उगाच घाबरतेस. धुराने तोंड जरा गोड गोड झालंय, बस."

मग झाकण बंद झालं. टँकरही रिकामा न होताच परत गेला.

दोन दिवस कुणी आलं नाही. मी अंधारात अर्धवट जोडलेल्या पायऱ्यांवर थिजून बसलो. वर पाऊल वाजलं की वाटायचं, आता कुणीतरी सांगणार, तो गेला.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं. एक पंखा वाऱ्याचा झोत खाली सोडू लागला. मग पावलं उतरली. तिची. एकटीची. सेक्रेटरींनी वरून विचारलं, "आता कसं आहे?"

"त्या संध्याकाळी हुडहुडी भरली, तीन पांघरुणं पुरेनात," एवढंच म्हणून तिने ग्राइंडर सुरू केला. मला पुढचं ऐकायचं होतं, पण त्या आवाजात काही ऐकूच येईना. ती मला खरवडत राहिली.

आवाज थांबला, वर आणखी कुणाची तरी पावलं वाजली, आणि आधी खोकला आला. मग शब्द.

"अगं, तीन बोटं काय सोलतेस? चार सोल!"

ती भिंतीला टेकून खाली बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

आता टाकी भरली आहे. शिडी पक्की आहे. पण एखादी पायरी कधीतरी सैल होईल, कुणीतरी रॉड घेऊन खाली उतरेल. वर त्याची वाट बघणारं कुणी असेल का? त्याला कुणी सांगितलं असेल का? म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो: घाई कितीही असो, आगीआधी मला खरवडून टाका. माझा जीव गेला तरी चालेल. मी झिजण्यासाठीच आहे. तुम्ही नाही.