कामाला वाघ

"मरळ? आन् एवढी मोठी? कुणासाठी रं?" पप्पूने पिशवीतला मासा डोकावून बघत विचारलं.

"पोरीच्या मॅडमना," नवसू म्हणाला. "लय जीव हाय त्यांचा रूपावर. आख्ख्या वर्गात हिचंच नाव घेत्यात."

पवना धरणाच्या काठावरचा हा कॅम्प पप्पूचा. जमीन त्याच्या आजोबांची, तंबू त्याचे. नवसू तिथं तंबू ठोकायचा, शेकोटीची लाकडं फोडायचा, पाहुणे गेले की त्यांच्या बाटल्या गोळा करायचा. लहानपणी दोघं गावच्या शाळेत एकाच वर्गात होते. पप्पू त्याला अजूनही अरेतुरे करी. नवसू मात्र चारचौघांत त्याला शेठ म्हणे.

"बापावर गेली म्हण की," पप्पू हसला. "गुरुजी बी तुलाच हाक मारायचे. नवसू पाणी आण, नवसू म्हस बघ. तू मोकळा हिंडायचास आन् आमी आत पाढे घोकत बसायचो. लय जळायचो बाबा तुझ्यावर!"

"जळायचंच! गुरुजींचा लाडका व्हतो मी."

"जा आता. पण दुपारच्या आत ये. ग्रुप येणार हाय."

नवसू पाणवठ्याकडची पायवाट धरून निघाला. मनात वाक्य जुळवत होता. 'मॅडम, आमी डोंगरातली माणसं, आमच्या पोरीला तुमी जवळ केलंत...' पुढचं जुळत नव्हतं. 

गुरुजी एकदा त्याच्या बापाला म्हणाले होते, "तुझा नवसू कामाला वाघ आहे." बापाने ते वाक्य वाडीभर सांगितलं, मरेपर्यंत सांगितलं. चौथीनंतर नवसूची शाळा सुटली, कारण त्याला वाचता येत नव्हतं. त्याचा राग त्याने कधी कुणावर धरला नाही. आपल्याच डोक्यात अक्षर ठरत नाही, हे त्याने सावळ्या रंगासारखं स्वीकारलं होतं. रूपाचं मात्र तसं नव्हतं. ती रोज घरी येऊन आजीला सांगायची, "मॅडमचं बाळ माझ्याबिगर कुणाकडंच ऱ्हात न्हाई." नवसूची आई सावित्राबाई ते ऐकून नातीची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आगं, मॅडम आपलं लेकरू देती तिच्याकडं! गावातल्या पोरींकडं देती का?"

शाळेत गणिताचा तास चालू होता. "अपूर्णांकांची बेरीज करताना आधी काय सारखं करायचं?" आतून मॅडमचा आवाज आला, आणि पोरं एका सुरात ओरडली, "छेऽऽद!"

व्हरांड्यात रूपा बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. बापाला पाहून तिचं तोंड फुललं.

"बा! हळू बोल, आत्ता निजतंय."

"आत काय चाललंय?"

"गणित."

"आन् तुजं?"

"माज्याकडं बाळ हाय ना! मी मागनं प्रेरणाच्या वहीत बघून उतरवून घेते."

"प्रेरणा न्हाई घेत बाळाला?"

"तिला शिष्यवृत्तीला बसवलंय." रूपाने हे सहज सांगितलं, वर आणखी म्हणाली, "तिला जमत बी न्हाई. तिनं घेतलं की रडतंय."

नवसू खिडकीपाशी गेला. आत फळ्यावर आकड्याखाली आकडे होते. त्याला त्यातलं काही कळलं नाही. कळली ती खिडकी. म्हैस बांधून परत येताना तोही असाच खिडकीबाहेर थांबायचा, आत काय चाललंय ते बघायचा, आणि मग कुणीतरी घागर हातात द्यायचं. आपल्या डोक्यात अक्षर ठरत नाही असं तो इतकी वर्षं म्हणत आला होता. अक्षर ठरायला आपण आत होतो कधी?

माधवी मॅडम बाहेर आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "या ना, नवसूभाऊ. काय सांगू, तळेगावचं पाळणाघर बंद झालंय, सासूबाई अंथरुणावर आहेत. रूपा आहे म्हणून माझी नोकरी चाललीय. अगदी उजवा हात आहे माझा. खरंच, कामाला वाघ आहे तुमची पोरगी."

नवसूच्या हातातली पिशवी जड झाली. मॅडमशी भांडावं असं काही त्यांनी केलं नव्हतं. त्या खरोखर कौतुकच करत होत्या. गुरुजींनीही केलं होतं.

त्याने पिशवी भिंतीकडेला ठेवली, हात पँटीला स्वच्छ पुसले आणि पुढे केले.

"बाळ माज्याकडं द्या, मॅडम. पोरीला आत बसू द्या."

"अहो, तुम्ही कशाला? तुमचं काम..."

"कामाला वाघ हाय मी," नवसू म्हणाला. "आज मी हाय. उद्यापासून माजी आई यील. तिनं लय पोरं वाढवलीत."

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी मान हलवली आणि त्या आत वळल्या.

रूपाने बाळ बापाकडे दिलं. "बा, माजं काय चुकलं?"

"न्हाई गं. काय बी चुकलं न्हाई. जा."

ती दारात जाऊन उभी राहिली. कुठं बसावं ते तिला कळेना. बाकावर तिची अशी जागाच नव्हती. शेवटी एक मुलगी सरकली आणि ती दाराकडच्या टोकाला अर्धी टेकली.

खिशातला फोन थरथरू लागला. पप्पूच असणार. नवसूने तो थरथरू दिला. हात काढला असता तर बाळ जागं झालं असतं.

"आधी काय सारखं करायचं?" आत मॅडमनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज जरा बसलेला होता.

"छेऽऽद!" सगळा वर्ग ओरडला. आणि सगळे थांबल्यावर, दाराकडून, एक बारीक आवाज एकटाच म्हणाला, "छेद."

नवसूने बाळाच्या पाठीवर हळूहळू थोपटणं चालू ठेवलं.