पांढरीतली खजुराची बी

मी एक ........ खजुराची बी आहे.

मित्रांनो, टिंबांच्या जागी 'जुनी' हा शब्द यायला हवा. पण सगळा वाद त्याच शब्दावरून झाला आणि त्यात एका बाईची पत गेली. म्हणून ती जागा तूर्त रिकामी ठेवते. बाकी मला ओळखणं सोपं आहे. रंग कोळशासारखा काळा, अंग लांबट, पोटावर उभी खाच, पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका.

जन्म

समुद्रापलीकडच्या एका बागेत माझी आई उभी होती. माणसं कमरेला दोर बांधून तिच्यावर चढत आणि नर झाडाचा फुलोरा तिच्या फुलोऱ्यावर झटकत. मग गोड खजूर धरे. तुमच्या मुरबाडकडच्या ओढ्याकाठची शिंदी आमच्याच कुळातली, पण ती रानची. तिची बी आखूड आणि गुबगुबीत. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या फळांचीच झाडं राखली, म्हणून आमच्या बिया लांबट झाल्या. माझ्या लांबीवरून कळतं, की मी बागेतली आहे.

पण बागेतल्या खजुराची बी कुणी पेरत नाही. बीपासून वाढलेलं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून माळी बुंध्याशी फुटलेली पिल्लं काढून लावतात. बी थुंकून टाकायची असते.

कामाची वर्षं

नाहीत.

राख

गलबतातून मी कल्याणच्या बंदरात उतरले. तिथून बैलाच्या पाठीवरून घाटाच्या पायथ्याशी, आज जिथे टोकावडे आहे त्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर. तांड्यातल्या कुणीतरी खजूर खाल्ला आणि मला चुलीत थुंकलं. राखेखाली वारा लागला नाही, म्हणून माझं भस्म झालं नाही, कोळसा झाला. कोळशाला कीड लागत नाही. कोंबही फुटत नाही.

पुढे वस्ती उठली. घरांच्या भिंती पावसात विरघळून एक टेकाड झालं. लोक त्याला पांढरी म्हणू लागले. मी त्याच्या पोटात होते.

कौतुक

१९९७ साली, थंडीत, पांढरीवर खणायला पुरातत्त्वाची माणसं आली. मोठे सर होते, त्यांची विद्यार्थिनी संजीवनी होती, आणि मजुरीला जवळच्या ठाकरांच्या पाड्यातली माणसं होती. त्यांतल्या लहानी नावाच्या बाईकडे पाण्याचं काम. खड्ड्यातल्या जुन्या चुलीची माती संजीवनी स्वतः खरवडून आणायची आणि लहानी ती पिंपातल्या पाण्यात घोळवायची. माती तळाला बसते, कोळसा वर तरंगतो. तो धोतराच्या फडक्यात गाळायचा.

"ताय, ह्ये बघ गो. पवतंय काय तरी."

संजीवनीनं मला चिमट्यात धरलं आणि ओरडलीच, "लहानीबाई, ही शिंदी नाही! हा खजूर आहे. समुद्रापलीकडून घाटाखाली खजूर आलेला, बघा तरी!"

"आता मिळतोच की बाजारात."

"आता नाही हो. तेव्हा!"

"तू येवडी नाचतीस म्हंजी चांगलंच आसंल," लहानी हसली आणि फडक्याच्या कोरड्या टोकानं तिनं मला पुसलं.

मित्रांनो, थुंकल्यापासून मला कुणी पुसलं नव्हतं. हे कौतुक चहाच्या वेळेपर्यंत टिकलं.

उपेक्षा

सरांनी मला तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "परवा म्हशाच्या बैलांच्या जत्रेची सुट्टी होती. खजूर कुणी कुणी खाल्ला?"

जत्रेला सगळेच गेले होते. सगळेच खाली बघू लागले.

"मी खाल्ला," लहानी म्हणाली. "पर बिया तितंच टाकल्या, सर."

"आणि इथे चहाच्या चुलीपाशी कोण बसतं? बी तिथेही जळून काळी होते."

"मीच बसते."

गोजर नावाचा गडी खो खो हसला. "काय गो लहाने, पोटात घालून आनलीस का बी? येताना बैल बी आनायचास येखादा!"

सगळे हसले.

"दात काय काडतोस रे, गोजर? खड्ड्यातल्या मातीतून निघालीय ती. ह्या हातानं काडली मी." मग ती संजीवनीकडे वळली. "ताय, तू सांग ना."

सर वाईट नव्हते. एका बीवर मोठं विधान करून बसलो तर उद्या हसं होईल, एवढीच त्यांना भीती. त्यांनीही संजीवनीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

संजीवनीला काहीच वाटायचं नव्हतं, तिला माहीत होतं. जुन्या चुलीवरचा मातीचा थर अखंड होता, वरून काही आत पडणं शक्य नव्हतं. तो तिनं स्वतः फोडला होता. पण तिचा प्रबंध सरांच्या हातात होता.

"जत्रेतली असू शकते, सर," ती म्हणाली.

लहानीनं फडकं पिळून पिंपावर टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून लहानीला पाण्याच्या कामावरून काढून पाट्या उचलायला लावलं. नंतरच्या हंगामात बोलावलंच नाही. पाड्यात तिला जत्रेवाली म्हणू लागले. कुणाचं काही हरवलं, की आधी तिच्या दाराकडे बघू लागले. हे मला पुढे कळलं. कारण संजीवनीनं मला फेकलं नाही. फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत घालून ती मला घेऊन गेली.

डबी

काळोख.

अर्धी

तेव्हा इथल्या यंत्रांना वय काढायला मूठभर कोळसा लागायचा. परदेशातल्या नव्या यंत्रांना चिमूट पुरायची, पण तिथवर पोचायला वर्षं गेली. तोवर संजीवनी स्वतः शिकवू लागली होती. एके दिवशी तिनं डबी उघडली आणि ब्लेडनं मला मधोमध चिरलं. एक अर्धी परदेशी गेली. तिला तिथे जाळलं आणि तिच्या धुरातून आमचं वय काढलं. अठराशे वर्षांच्या आसपास.

आता टिंबांच्या जागी तो शब्द लिहा. मी एक जुनी खजुराची बी आहे.

फक्त, इथून पुढे जी बोलते आहे, ती अर्धी आहे.

विनंती

अशा गोष्टीच्या शेवटी विनंती असते. इथे ती लहानीनं केली.

२००५चा उन्हाळा होता. डबी पर्समध्ये घालून संजीवनी पाड्यावर गेली, तर घरांना कुलपं. सगळे वीटभट्टीवर गेलेले. ती तिथे गेली. लहानी उकिडवी बसून साच्यात चिखल भरत होती. केस पिकले होते.

"लहानीबाई, ओळखलंत? ती बी जुनी निघाली. तुम्ही खरं बोलत होतात."

"त्ये मला ठावं व्हतं," लहानी म्हणाली. "तुला नव्हतं?"

"होतं."

"मंग आता मलाच कशाला सांगतीस? त्यांना सांग. समद्यांना."

संजीवनीनं भट्टीवरच्या माणसांना हाक मारली, डबीतून मला बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. तेव्हा आपण का बोललो नाही, तेही सांगितलं. माणसं चिखलाचे हात घेऊन उभी राहिली. गोजरही होता. त्यानं वाकून मला पाहिलं.

"म्हंजी जत्रेतली नाय?"

"नाही."

"आन् ही तर अर्धीच हाय." त्यानं लहानीकडे पाहिलं. "मंग लहानीनं आनली तरी कुटून?"

कुणीतरी हसलं. मुकादम ओरडला. सगळे पांगले.

संजीवनी लहानीजवळ बसली. "पांढरीवर परत खणू आपण. एका बीनं भागत नाही. त्याच थरात आणखी मिळायला हव्यात. तुम्ही पाण्याच्या कामावर या."

"कंची पांढरी?" लहानीनं विटांच्या चिखलाचा ओंजळभर गारा उचलला. "तुमच्या सरांनी तितं काय नाय म्हनून सांगितलं, मालकानं माती भट्टीला इकली. ही बघ."

गाऱ्यात काळे ठिपके होते. संजीवनीनं बोटांनी चाचपून त्यातून दोन उचलले. चिखल पुसला. पोटावर उभी खाच होती. माझ्या बहिणी.

तिनं त्या तळहातावर उलटून पाहिल्या. मग तिनं त्या परत चिखलात ठेवल्या.

"का गो? न्ये की. तुला त्याच पायजे ना?"

"कुठल्या थरातल्या, कुठल्या चुलीतल्या, काही सांगता येणार नाही. कुणी विश्वास ठेवणार नाही, बाई."

लहानीचा हात थांबला.

"हां," ती म्हणाली. आणि त्या दोघींसकट तिनं गारा साच्यात दाबला.

मित्रांनो, तुमच्या गावाबाहेर पांढऱ्या मातीचं टेकाड असेल, तर ते विटांना देण्याआधी कुणाला तरी दाखवा. आणि कुणी सगळ्यांसमोर तुमच्याकडे बघून 'तू सांग ना' म्हणालं, आणि तुम्हाला खरं माहीत असलं, तर त्याच वेळी सांगा. मला अठराशे वर्षं थांबता आलं. मी कोळसा होते.