शिंगाच्या पेल्याचं बूड

भिवराबाईच्या घरात दारूचा थेंब कधी शिरला नव्हता, आणि हे तिनं धारूरच्या अर्ध्या बाजाराला ऐकवून झालं होतं. तीन पिढ्या म्हशीच्या शिंगाच्या फण्या करून जगलेलं घर. आता प्लास्टिकच्या फण्या आल्या अन् शिंगाची फणी कुणी फुकट घेईना. तशात मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं चित्र धाडलं. कान असलेला शिंगाचा पेला. समुद्रावरून लुटायला जाणारे गोरे दाढीवाले म्हणे पूर्वी असल्यात प्यायचे; आता त्यांचे नातू-पणतू हौसेनं विकत घेतात. नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही पडला, तर दसऱ्यानंतर लेक परमेश्वर अन् सून मंगल कोयता घेऊन ऊसतोडीला.

परमेश्वरनं जीव ओतला. पेला आरशासारखा घासला, खाली सागाची चकती बसवून लाखेनं बूड बंद केलं. दोन दिवस पाणी भरून ठेवला. टिपूस गळला नाही. उद्या व्यापाऱ्याचा माणूस न्यायला येणार होता.

आज सकाळी भिवराबाई पेला हातात फिरवत बसली.

"यात ते काय पितेत रं?"

"दारू, आई. दुसरं काय!"

"अन् तू तपासलास पाण्यानं. सुतार पॉलिश करताना लाख कशात विरघळवतो?"

"स्पिरिटात…" म्हणता म्हणता परमेश्वरचं तोंड उतरलं.

"स्पिरिट म्हंजी दारूची थोरली बहीण. जा, बाटली आण."

"मला कोण देतंय? तूच सांगून ठिवलंय ना, माझ्या लेकाला दारू दिली तर तंगडं मोडीन!"

भिवराबाईनं पदर नाकापर्यंत ओढला अन् ओढ्याकाठी छबुबाईच्या हातभट्टीवर गेली. याच छबुबाईचा तिनं मागं भर बाजारात उद्धार केला होता.

"या बया! आज सूर्य कुणीकडं उगवला?"

"एक बाटली दे. पाणी घातल्याली नको."

"कुणाला? तुमाला?"

"पेल्याला."

छबुबाईला हसू आवरेना. ही गंमत बघायला ती बाटली घेऊन स्वतःच मागं आली.

पेला भरला. दोन तासांत बुडाची लाख बुळबुळीत झाली अन् धार लागली. मंगल कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसली.

"रडतीस कावून? मढं पडलंय व्हय?" भिवराबाई कडाडली. "परमेश्वर, लाख खरवड. तुझ्या आज्यानं तंबाखूच्या डब्या केल्या, त्याला लाख नव्हती. शिंग उकळ, मऊ झालं की चकती ठोक. गार होताना शिंगच तिला आवळतंय."

चूल पेटली. परमेश्वरनं उकळतं शिंग फडक्यात धरून चकती ठोकली. गार झाल्यावर पेला पुन्हा काठोकाठ भरला अन् ताटात पसरलेल्या कोरड्या, गार राखेवर ठेवला. मग सगळेच राखेकडं बघत बसले. छबुबाईसुद्धा.

दिवेलागणीला भिवराबाईनं पेला उचलला. राख भुरभुरीत, कोरडी. तिनं बुडावरून बोट फिरवलं, ते गालाला लावून पाहिलं, पुन्हा फिरवलं.

"न्हाई गळत," ती म्हणाली, अन् पेला परमेश्वरच्या हातात दिला.

"म्हंजी आता ऊसतोड न्हाई?" मंगलनं हळूच विचारलं.

"जायचं आसंल तर जा की! ह्यो पेला पसंत पडल्यावर हितं काम कोण करील मग?" भिवराबाईनं डोळे पुसले. "ऊठ, भाकरी थाप. सकाळधरनं कुणाच्या पोटात काय न्हाई. छबुबाईलाबी वाढ."